बाजारातल्या बोंबलाचा खोल समुद्रातला भाऊबंद शोधणारा मुंबईचा डॉक्टर : आल्फ्रेड अल्कॉक

नांदेड आणि लातूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. तरीही मराठवाड्यातल्या आठवडी बाजारात एक चक्कर मारली, तर कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात सुक्या बोंबलांचा ढीग दिसतोच. सुकट, बोंबील आणि ज्वारीची भाकरी हे जेवण इथं कुणाला नवीन नाही. हा बोंबील येतो अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरून. कोळीवाड्यात वलांडीवर वाळतो आणि ट्रकमध्ये बसून घाट चढतो.

आता या बोंबलाला एक भाऊबंद आहे, हे किती जणांना माहीत असेल?

हा भाऊबंद बाजारात येत नाही. तो काही शे मीटर खोल पाण्यात राहतो. त्याचं शास्त्रीय नाव हार्पाडॉन स्क्वॅमोसस, आणि हे नाव त्याला मिळालं १८९१ साली. नाव देणारा माणूस मुंबईत जन्मला होता. ज्या जहाजावर राहून त्याने खोल समुद्र चाळला, ते जहाजही मुंबईच्याच गोदीत बांधलं होतं.

त्या माणसाचं नाव आल्फ्रेड विल्यम अल्कॉक. भारताभोवतीच्या समुद्राच्या तळाशी कोण राहतं, याची पहिली मोठी यादी ज्यांनी तयार केली, त्यात त्याचं नाव सगळ्यात वर घ्यावं लागतं.

शाळा सुटली आणि गडी वायनाडच्या जंगलात पोचला

अल्कॉकचा जन्म २३ जून १८५९ चा. वडील जहाजाचे कप्तान. पुढे कुटुंब इंग्लंडला गेलं आणि मुलगा तिथल्या नावाजलेल्या शाळांमध्ये शिकू लागला. सगळं ठरल्याप्रमाणे झालं असतं, तर एखादी सुखाची नोकरी करून तो म्हातारा झाला असता.

पण १८७६ मध्ये वडिलांना पैशात मोठा फटका बसला. शिक्षण थांबलं. सतरा वर्षांच्या पोराला भारतात, वायनाडला कॉफीचे मळे चालवणाऱ्या नातेवाइकांकडे धाडून देण्यात आलं. कॉफीत त्याचं बस्तान बसलं नाही, पण मलबारच्या जंगलात भटकून प्राणी-पाखरं बघण्याचा नाद मात्र लागला.

कॉफीचा धंदा बसल्यावर त्याने कलकत्ता गाठलं आणि एका दलालाच्या कचेरीत नोकरी धरली. ती कचेरीही बंद पडली. मग १८७८ ते १८८० या काळात पुरुलियाला राहून आसामच्या चहामळ्यांसाठी मजूर गोळा करणारा एजंट म्हणून त्याने काम केलं. हे काम काही अभिमानाने सांगावं असं नव्हतं. चहामळ्यांवर मजुरांचे काय हाल होत, हा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर काही काळ दार्जिलिंगच्या एका शाळेत त्याने मास्तरकी केली.

बाविशीपर्यंत चार धंदे झाले होते आणि हातात पदवी एकही नव्हती.

मात्र याच भटकंतीत विज्ञानाची पुस्तकं त्याच्या हाती लागली आणि डोक्यात बसली. १८८१ मध्ये त्याने स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जाऊन वैद्यकीय शिक्षण सुरू केलं. तिथं निकल्सन या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या हाताखाली त्याला कामही मिळालं. १८८५ मध्ये तो डॉक्टर झाला, त्याच वर्षी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये भरती झाला आणि वायव्य सरहद्दीवरच्या पंजाबी पलटणींसोबत रुजू झाला.

१८८८ मध्ये एक जागा निघाली. पद होतं सर्जन-नॅचरलिस्ट, म्हणजे जहाजावरच्या माणसांवर उपचार करायचे आणि समुद्रातल्या जिवांचा अभ्यासही करायचा. अल्कॉकला हीच नोकरी हवी होती.

खोल पाण्यात कुणी राहतच नाही, असं समजलं जायचं

त्या काळी खोल समुद्राबद्दल लोक काय समजत होते, हे कळल्याशिवाय अल्कॉकच्या कामाचं मोल कळणार नाही.

१८४० च्या दशकात एडवर्ड फोर्ब्स नावाच्या शास्त्रज्ञाने एक अंदाज मांडला होता. जसजसं खोल जावं तसतसे प्राणी कमी होतात, म्हणजे साधारण ३०० वावांच्या खाली काहीच जगत नसणार. वाव हे आपल्या कोळी बांधवांचंही माप. एक वाव म्हणजे सहा फूट, साधारण १.८ मीटर. तर ३०० वाव म्हणजे सुमारे ५५० मीटर.

हा अंदाज पटण्यासारखा होता. खाली ऊन पोचत नाही, त्यामुळे वनस्पती नाहीत. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे १,००० मीटरवर तो पृष्ठभागाच्या शंभरपट होतो. वरचं पाणी अंघोळीइतकं कोमट असलं, तरी तळाचं पाणी बर्फाच्या जवळ जाणारं. अशा ठिकाणी कोण राहणार?

पण समुद्राखाली तारायंत्राच्या केबल टाकायला सुरुवात झाली, दुरुस्तीसाठी त्या वर ओढल्या, तेव्हा त्यांना चिकटून प्राणी येऊ लागले. पुढे १८७२ ते १८७६ या काळात ब्रिटिशांचं चॅलेंजर हे जहाज जगभर फिरलं आणि अगदी तळापर्यंत जीवसृष्टी आहे हे पक्कं झालं.

यात एक मोठी जागा मात्र रिकामी राहिली. चॅलेंजर हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडून निघून गेलं. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर त्याच्या वाटेवर आलेच नाहीत. ज्या समुद्रात मुंबईचा, रत्नागिरीचा, मालवणचा कोळी रोज जाळं टाकत होता, त्याच समुद्राच्या खोल भागाचं पान कोरं होतं.

चाकांचं जहाज आणि मैलभर लांब दोर

ते पान भरायचं काम इन्व्हेस्टिगेटर या जहाजाकडे आलं. हे लाकडी जहाज मुंबईच्या गोदीत बांधलेलं, १८८१ मध्ये पाण्यात उतरलेलं. वाफेवर चालायचं आणि दोन्ही बाजूंची मोठी चाकं फिरवून पुढे सरकायचं.

त्याचं खरं काम होतं समुद्राचे नकाशे बनवणं. खडक कुठे, वाळूचे दांडे कुठे, पाणी किती खोल हे मोजायचं, म्हणजे व्यापारी जहाजं फुटणार नाहीत. प्राणी गोळा करणं हे दुय्यम काम. नकाशाच्या कामातून वेळ मिळाला तरच जाळं टाकायचं. अल्कॉकच्या आधी जाइल्स नावाच्या डॉक्टरने या जहाजावर हे काम सुरू केलं होतं. अल्कॉकने ते १८९२ पर्यंत चालवलं.

जाळं टाकायचं म्हणजे काय, तर आधी वजन बांधलेली तार सोडून तळ किती खोल आहे ते बघायचं. मग लोखंडी चौकट असलेलं जाळं दोराने खाली सोडायचं. दोर पाण्याच्या खोलीपेक्षा बराच जास्त लागतो, कारण जाळं तळावर आडवं ओढलं गेलं पाहिजे. जहाज सावकाश पुढे जातं, जाळं चिखल खरवडत मागून येतं आणि मग वाफेच्या यंत्राने ते वर ओढतात. यात कित्येक तास जायचे. मध्येच जाळं खडकात अडकलं, दोर तुटला, तर सगळी मेहनत पाण्यात. आणि खालचं काहीच दिसत नसल्यामुळे प्रत्येक वेळी हा अंधारात मारलेला तीर असायचा.

जाळं वर आलं की पहिल्यांदा दिसायचा चिखलाचा गोळा. बंगालच्या उपसागरातला हा चिखल आणतात नद्याच. नांदेडच्या घाटावरून वाहणारी गोदावरी शेवटी तिथंच जाते, आणि लातूर जिल्ह्यातून येणारी मांजराही वाटेत तिलाच मिळते. मराठवाड्याच्या काळ्या रानातली धूप झालेली माती ज्या समुद्रात जाऊन बसते, त्याच समुद्राचा तळ अल्कॉक चाळत होता.

चिखलातून काय काय निघालं

या चिखलातून जे जीव निघाले, ते बघून कुणीही चक्रावून जावं.

घुल्यासारखा दिसणारा, पण हातभर वाढणारा एक प्राणी होता. बाथिनोमस त्याचं नाव. घरातल्या कुंडीखाली जे करडे किडे गोळी होऊन बसतात, त्यांच्याच मोठ्या कुळातला हा राक्षस. तोवर तो मेक्सिकोच्या आखातातून माहीत होता. बंगालच्या उपसागरातही असा प्राणी सापडला आणि अल्कॉक व त्याचा वरिष्ठ वुड-मेसन यांनी १८९१ मध्ये तो नोंदवला. पुढे अभ्यास वाढला, तेव्हा आपल्याकडचे हे प्राणी अटलांटिकमधल्यापेक्षा वेगळ्या जातींचे असल्याचं ठरलं.

लालभडक रंगाचा, चपटा, तळावर बसणारा एक मासा त्याने १८८९ मध्ये नोंदवला. हॅलिउटिया कॉक्सिनिया. वर उन्हात तो लाल दिसतो. खोल पाण्यात मात्र लाल प्रकाश पोचतच नाही, त्यामुळे तिथं लाल म्हणजे काळाच, आणि लाल असणं म्हणजे लपून बसणं.

त्रावणकोरच्या किनाऱ्यापासून आत, ४३० वाव म्हणजे जवळपास ७९० मीटर खोलीवरून विजेचा झटका देणारा एक पाकट मिळाला. त्याचे डोळे इतके बारीक की तो आंधळाच म्हणावा. अंधारात डोळ्यांचा खर्च करून उपयोग काय? १८९८ मध्ये अल्कॉकने त्याला बेंथोबॅटिस मोरेसबाय हे नाव दिलं. तोवर त्याने जहाज सोडलं होतं, पण जहाजावरून येणारे नमुने त्याच्याच टेबलावर पोचत होते.

आणि एक शोध तर पुस्तकात बदल करायला लावणारा होता. पाकटाची एक जात पिल्लांना पोटात वाढवते हे माहीत होतं. पण पिल्लू खातं काय? त्याला तर नाळ नसते. अल्कॉक आणि वुड-मेसन यांनी मादीचं गर्भाशय उघडून बघितलं, तेव्हा आतून असंख्य बारीक धागे लोंबत होते. त्या धाग्यांतून दुधासारखा रस पाझरत होता आणि तोच पिल्लाच्या पोटात जात होता. माशाच्या पोटातलं हे दूध त्यांनी १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर मांडलं.

बोंबलाच्या भाऊबंदाचं बारसंही याच वर्षीचं. स्क्वॅमोसस या लॅटिन शब्दाचा अर्थ खवलेवाला. बाजारातल्या बोंबलाचं शास्त्रीय नाव हार्पाडॉन नेहेरियस. म्हणजे दोघांचं आडनाव एकच, घरं वेगळी. एक किनाऱ्याजवळ, एक खोलात.

नाव ठेवणं हे काम इतकं अवघड का?

आता कुणी म्हणेल, मासा पकडला, नाव ठेवलं, यात एवढं काय?

नवीन जात जाहीर करायची, तर आधी ती जुनी नाही हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी जगभरातल्या पुस्तकांत त्या गटाबद्दल जे जे छापलंय ते वाचायचं. पंखातले काटे मोजायचे, खवल्यांच्या रांगा मोजायच्या, डोळ्याची रुंदी आणि डोक्याची लांबी यांचं प्रमाण काढायचं, दात बघायचे. खेकडा असेल तर प्रत्येक पायाचं पेर तपासायचं. मग वर्णन लिहून छापायचं.

आणि ज्या प्राण्यावरून हे वर्णन केलं, तो मूळ नमुना जपून ठेवायचा. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. जमिनीच्या वादात जसा मूळ सात-बारा बघतात, तसा प्राण्याच्या नावाचा वाद झाला की मूळ नमुना बघतात. शंभर वर्षांनी कुणाला शंका आली, तर त्याला ती बाटली उघडून खात्री करता आली पाहिजे. नमुना हरवला, तर त्या नावाचा सगळ्यात पक्का पुरावा गेला.

म्हणूनच पावसाळ्यात जहाजाचं काम थांबलं, की नमुन्यांच्या बाटल्या कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये पोचायच्या आणि अल्कॉक तिथं बसून हे किचकट काम करायचा. स्पिरिटमध्ये ठेवलं की प्राण्याचा रंग उडतो, म्हणून ताज्या नमुन्याचा रंग आधीच टिपून ठेवावा लागायचा.

या नमुन्यांची चित्रं काढण्याचं काम ए. सी. चौधरी आणि एस. सी. मंडल या बंगाली चित्रकारांनी केलं. एकेक काटा, एकेक मिशी त्यांनी अशी रेखाटली की आजही संशोधक ती चित्रं उघडतात. जहाजावर दोर ओढणाऱ्या खलाशांची नावं मात्र माशांच्या नावात आली नाहीत. ती आली साहेबांची. सोलेनोसेरा हेक्स्टी नावाची कोळंबी आहे, तिच्यात कॅप्टन हेक्स्ट. सायनोग्लॉसस कार्पेंटरी नावाचा लेपटीच्या जातीचा मासा आहे, त्यात कमांडर कार्पेंटर. त्या काळचा कारभार कुणाचा होता, हे या नावांवरूनही कळतं.

म्युझियमसाठी भांडलेला माणूस

१८९३ मध्ये वुड-मेसन आजारी पडून इंग्लंडला निघाला आणि वाटेतच वारला. त्याच्या जागी अल्कॉक इंडियन म्युझियमचा सुपरिंटेंडंट झाला. पुढची तेरा वर्षं त्याने अक्षरशः यादीवर यादी काढली. भारतातल्या खेकड्यांवर मोठी लेखमाला, १८९८ मध्ये खोल समुद्रातल्या प्रवाळांवर पुस्तक, १८९९ मध्ये खोल समुद्रातल्या माशांची सूची, १९०१ मध्ये कोळंबी-शेवंड यांच्या कुळाची सूची. मध्ये १८९५ मध्ये सरकारने पामीरची सीमा आखायला माणसं पाठवली, तेव्हा हा समुद्राचा माणूस त्यांच्यासोबत जगाच्या छपरावरही जाऊन आला.

१९०१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १९०२ मध्ये त्याने जहाजावरच्या दिवसांवर सामान्य वाचकांसाठी एक पुस्तक लिहिलं.

पण आतून तो वैतागलेला होता. नमुने वाढत होते, जागा आणि माणसं वाढत नव्हती. सरकारला म्युझियम म्हणजे लोकांनी येऊन बघून जायची जागा वाटायची. अल्कॉकच्या मते तो देशाचा दप्तरखाना होता. प्राणिशास्त्राला स्वतःची संस्था हवी, कायमचे शास्त्रज्ञ हवेत, ही त्याची तळमळ होती. ती त्याच्या काळात पुरी झाली नाही. १९०६ मध्ये नाराज होऊनच त्याने भारत सोडला.

इंग्लंडला जाऊन तो लंडनच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या शाळेत रोग पसरवणारे कीटक शिकवू लागला. डॉक्टरांसाठी कीटकांवर पुस्तकही लिहिलं. समुद्राकडे तो परत गेला नाही. २४ मार्च १९३३ रोजी केंटमधल्या बेल्व्हेडिअर इथं त्याचा मृत्यू झाला.

तो गेल्यावर म्युझियमची सूत्रं नेल्सन अनंडेल याच्याकडे आली. ज्या संस्थेसाठी अल्कॉक झुरत होता, ती अनंडेलने १ जुलै १९१६ ला उभी केली. तिचं नाव झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया. तिची एक शाखा आज आपल्या पुण्यातही आहे. इन्व्हेस्टिगेटरवरून आलेल्या नमुन्यांचा ठेवा याच संस्थेकडे आला.

आज याचं काय?

केरळच्या बंदरांत खोल समुद्रातून लाल कोळंबी पकडून आणतात. तिला परदेशात चांगली मागणी असते. या कोळंबीचं शास्त्रीय नाव आहे ॲरिस्टियस अल्कॉकी. १९३८ मध्ये, अल्कॉक गेल्यानंतर पाच वर्षांनी हे नाव ठेवलं गेलं. तिच्यासोबत जाळ्यात येणारी दुसरी एक कोळंबी, हेटेरोकार्पस वुडमेसोनी, तिचं नाव खुद्द अल्कॉकने १९०१ मध्ये आपल्या गेलेल्या साहेबाच्या आठवणीत ठेवलेलं.

किती पकडायची, कधी थांबायचं, कुठली जात कमी होतेय, हे ठरवायचं तर आधी जाळ्यात नक्की कोण आलंय हे कळायला हवं. ती ओळख अल्कॉकसारख्यांच्या याद्यांवर उभी आहे.

पुढचा प्रश्न याहून मोठा आहे. हिंदी महासागराच्या मध्यभागी ७५,००० चौरस किलोमीटर तळावर धातूचे गोळे शोधायचा हक्क भारताकडे आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने डीप ओशन मिशनला मंजुरी दिली. त्यात तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेणारी मत्स्य ६००० ही पाणबुडी बनवण्याचं कामही येतं. तळ उकरायला यंत्रं जातील तेव्हा तिथं कोण राहतं हे कुणाला तरी सांगता आलं पाहिजे. ज्याची नोंदच नाही, तो संपला तरी कुणाला कळत नाही.

अल्कॉकने दोराला बांधलेलं जाळं अंधारात सोडून ही नोंद सुरू केली. ती अजून अर्ध्यावरही आलेली नाही. पुढच्या वेळी बाजारात सुक्या बोंबलाचा ढीग दिसला की एवढं आठवा. याचा एक भाऊबंद अजून खाली अंधारात आहे, आणि त्याला कागदोपत्री नाव आहे.